विषय: वडिलांच्या ईसीजीची नोंद तुमच्या अपडेटमध्ये नाहीशी झाल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या मदतकक्षाचा फोन आत्ताच ठेवला. आता लेखीच कळवतो.

वडिलांच्या स्मार्ट घड्याळाने रात्री अनियमित ठोक्यांचा इशारा दिला. त्यांनी लगेच बोट टेकवून 30 सेकंदांचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत संकेतांचा आलेख, काढला. सकाळी ॲप अपडेट झालं आणि आलेख गेला. उरली एक ओळ: 'एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता', म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित होण्याच्या विकाराची.

हृदयरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा तो आलेखच मागितला. पी लहरी (आलेखातली वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) आहेत का, ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतंय, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. दवाखान्यातला ईसीजी नॉर्मल आला. हा विकार सुरुवातीला येतो-जातो, त्यामुळे त्या रात्रीची नोंद पुन्हा काढता येणार नाही.

हे सगळं तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. उत्तर आलं, "सर, आता रीडिंग नॉर्मल आहे ना? मग प्रॉब्लेम सुटला." मी पुन्हा समजावलं. "मग घड्याळ रीसेट करा." रीसेट केल्यावर उरलेल्या नोंदीही जातील ना, असं विचारलं. "हो सर, पण घड्याळ फास्ट चालेल." माणसाच्या हृदयाबद्दल बोलत होतो मी! शेवटी अटी वाचून दाखवल्या: हे निदानाचं साधन नाही. अहो, म्हणूनच तर आलेख हवा आहे. निदान डॉक्टर करणार, आणि त्यांना दाखवायचं तेच तुम्ही पुसून टाकलंत.

हिरव्या प्रकाशाने नाडी वाचून तुमचं एआय अंदाज बांधतं, हे तुम्हाला सांगायला नको. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 4 लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात घड्याळाचा इशारा मिळाल्यावर ज्यांनी छातीवर चिकटवायचा, सतत ईसीजी नोंदवणारा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यापैकी 34 टक्के लोकांमध्येच हा विकार दिसला. म्हणजे नुसत्या इशाऱ्यावर रक्त पातळ करणारी गोळी सुरू करता येत नाही; तिने रक्तस्राव होऊ शकतो. आणि विकार असून गोळी दिली नाही तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट. या दोन्हींच्या मध्ये आज माझे वडील अडकले आहेत, तुमच्या अपडेटमुळे.

तुमच्या सर्व्हरवर ती नोंद असेल तर मूळ आलेख तारीख-वेळेसह पाठवा. नसेल तर तसं लेखी द्या. अपडेटआधी नोंदी जपून ठेवण्याची सोय का नव्हती, तेही सांगा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाकडे आणि ग्राहक न्यायालयात जाणार आहे.

घड्याळ मीच आग्रहाने त्यांना घ्यायला लावलं होतं, तुमच्यावर विश्वास ठेवून. तो आता राहिलेला नाही.

एक ग्राहक