रेंज गेली नव्हती

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझं ते पार्किन्सनवरचं औषध आबांना कधी मिळणार?" आणि मी "रेंज जायलीय" म्हणून फोन कट केला. रेंज चांगली होती लेका. सांगायला तोंड नव्हतं.

आता नीट सांगतो. पेशीतही एक कडबाकुट्टी असते, प्रोटिएझोम. नको असलेल्या प्रथिनावर यूबिक्विटिनची खूण चढली की ते तिच्यात जातं आणि त्याचे तुकडे होतात. आमच्या औषधाच्या रेणूला दोन हात. एकाने ते प्रथिन धरायचं, दुसऱ्याने खूण चढवणारं एन्झाइम, मधे जोडणारा दोर. खूण चढली की रेणू मोकळा, पुढचं प्रथिन धरायला तयार. २००१ साली क्रूज आणि डेशेज या शास्त्रज्ञांच्या गटांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं.

घोडं अडतं ते त्या दोन हातांपायीच. तुझी कडब्याची गाडी वेशीत अडकली होती, तसं. औषध रक्तातून मेंदूत शिरायला हवं, पण तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, भिंतच जणू. साधारण ४०० ते ५०० डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) वरचा रेणू सहसा आत शिरत नाही. आमचा ८०० च्या पुढे! त्यातून घुसलाच, तर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याला बखोट धरून परत रक्तात काढतो.

म्हणून तीन वर्षं मी फक्त तो दोर बदलतोय. थंडीत गोधडीत आपण मुटकुळं करतो ना, तसा रेणू भिंतीतून जाताना स्वतःभोवती दुमडावा, पाण्याची ओढ असलेले भाग आत लपवावेत, आणि आत गेल्यावर पुन्हा हात पसरावेत. दोर आखडला तर जातो, पण आत गेल्यावर दोन्ही हात पुरत नाहीत. सैल सोडला तर बाहेरच. हे तपासायला गाळणीवर पेशींचा थर वाढवायचा, वरून औषध घालायचं, खाली किती उतरलं ते मोजायचं, मग उलट्या बाजूनं तेच. दिवाळीत लाईट गेली, इन्क्युबेटर बंद पडला, दोन महिन्यांच्या पेशी गेल्या. घरी सांगितलं नाही. आई म्हणाली असती, "मग परत लाव की." जणू मेथीच आहे.

अगदीच अंधार नाही. पार्किन्सनशी संबंध असलेल्या एलआरआरके२ या प्रथिनावरचं एआरव्ही-१०२ हे औषध अमेरिकी कंपनीनं माणसांत तपासलंय. तोंडाने घेऊनही मणक्यातल्या पाण्यात ते प्रथिन कमी झालेलं दिसलं. पण ती सुरुवातीची चाचणी. आबांचं वय ७४. माझं काम त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, बाळ्या. हेच फोनवर सांगता आलं नाही.

त्यांची लेव्होडोपाची गोळी मात्र भारी चीज आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडतं, पण त्याला बाहेरून मेंदूत प्रवेश नाही, म्हणून ती अमिनो आम्लांच्या दारातून आत जाते आणि तिथं डोपामिन होते. त्याच दारावर जेवणातल्या प्रथिनांचीही गर्दी. आबा गोळी तांब्याभर दुधासोबत घेतात ना? डॉक्टरांना विचार, जेवणाआधी अर्धा तास नुसत्या पाण्याबरोबर चालेल का. मळमळतं का, तेही सांग त्यांना.

संक्रांतीला येतो. तोवर आबांनी माझ्या औषधाचं विचारलं, तर फोन त्यांच्याकडेच दे.

तुझा,
पम्या