परतवाड्याच्या सायकलवाल्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर लांबलचक वाचत नाही हे ठाऊक आहे, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या. रविवारी धामणगाव गढीहून चिखलदऱ्यापर्यंत घाट चढले. दम खात, थांबत, पण सायकल कुठेही ढकलली नाही. गाव १,११८ मीटर उंचीवर आहे हे दरवर्षी मुलांना शिकवते. या खेपेला ते मांड्यांना कळलं.

तुमच्याकडे येण्याआधी एका मोठ्या, चकाचक दुकानात जाऊन आले होते. माझी मागणी साधी होती. रोज शाळेत जायला हवी, कंबर दुखायला नको आणि सुट्टीत घाटात नेता यावी. तिथला विकणारा पोरगा मला आधी बास्केटवाल्या गुलाबी सायकलींकडे घेऊन गेला. मग क्रूझर दाखवली. मागे वळलेलं रुंद हँडल, स्प्रिंगची गादी, जाड टायर, गिअर एकच. "चढावर कशी चालते?" तर म्हणे, "सवय होते मॅडम." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तुम्ही आधी वाट विचारली. सोबत वह्यांचं ओझं किती, तेही विचारलं. क्रूझरचा फोटो पाहिला आणि म्हणालात, "पाह्यले सोजी हाये. पन घाटात थे तुमाले नाही नेनार, तुमीच तिले नेसान." मग फरशीवर खडूनं हिशेब. पुढच्या चक्रीला ४४ दाते, मागच्या चक्रीला १८, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक जवळपास अडीच फेऱ्या मारणार. सपाटीला झकास, घाटात गुडघ्यांचा जीव जाणार. पुढे २८ आणि मागे ३४ असले तर चाक एक फेरीही पुरी करत नाही, पण पाय फिरत राहतो. इतकं सरळ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी स्वतः गणित शिकवते! क्रूझरवरचं ताठ बसणं तर मला हवंच होतं, म्हणून गिअरच्या सायकलीलाच तुम्ही थोडं उंच, मागे वळलेलं हँडल लावून दिलंत.

पण हे पत्र त्या सीटसाठी आहे. मला रुंद गादीच हवी होती. तुम्ही म्हणालात, ताठ बसलं की सगळा भार बुडाखाली येतो, तिथं रुंद बरी. चढावर वाकून जोर लावायला गेलं की तीच मांड्यांना घासते. मला पटेना. तेव्हा वाद न घालता तुम्ही पाना घेतला, तुमच्या स्वतःच्या सायकलचं झिजून चकाकणारं चामडी सीट काढलं आणि माझ्या सायकलवर चढवलं. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईस्तोवर बोटबोटभर वर घेतलं. "चालवून पाहा, मंग ठरवा." संध्याकाळी बस स्टँडजवळ तुम्ही दिसलात, सायकल हातात धरून पायी घरी निघालेले. पाऊस आत जाऊ नये म्हणून सीटच्या उघड्या नळीवर दुधाची पिशवी बांधलेली होती. तुम्ही मला पाहिलं नाही. मला मात्र आवाज देववला नाही.

माणसाला काही विकण्याआधी त्याच्याकडे नीट बघायचं, एवढंच तर असतं. बँकेत, दवाखान्यात, तहसिलीत किती जण मान वर करतात? तुमच्यासारखी माणसं बहुतेक छोट्या दुकानांतच सापडतात, असं माझं मत होत चाललंय. (मोठ्या दुकानातल्या एखाद्याला राग आला तर येवो.)

सीट माझं मी घेतलं, मधल्या रुंदीचं. म्हणजे तुमचंच खरं निघालं. उतारावर ब्रेक धरून न ठेवता दाबत-सोडत आले, रिम तापली नाही.

आणि शनिवारी शाळेत यायचं कबूल केलंय, विसरू नका. मुलींना पंक्चर काढायला शिकवायचंय. टब, पंप आमच्याकडे आहे, सोल्यूशन तेवढं आणा. जेवण माझ्याकडे.

तुमची,
बाई