कॅमेरा बेडरूममध्येच का अडकतो?

मा. संपादक,

मागच्या रविवारच्या पुरवणीत बायका-बायकांच्या प्रेमावरच्या सिनेमांवर लेख आला होता, त्यात ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ या फ्रेंच सिनेमाला बोल्ड आणि प्रामाणिक म्हटलंय. बोल्ड आहेच हो, पण प्रामाणिक कुणाच्या हिशोबाने?

2013 ला कान महोत्सवात त्याला पाम दॉर हे तिथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं, ज्युरीचे अध्यक्ष स्पीलबर्ग, आणि दिग्दर्शक अब्देलातिफ केशिश यांच्यासोबत दोन्ही नट्यांनाही ते दिलं, सगळं मान्य. मी पाहिलाय, तीन तासांना एखाद मिनिट कमी, आणि त्यातली नायिका आदेल ज्या पद्धतीने स्पॅगेटी खाते, रडताना तिचं नाक गळतं, ते बघून वाटतं की अरे ही आपल्या ओळखीचीच मुलगी. आणि मग तो बेडरूमचा सीन येतो. संपतच नाही. आम्ही दोघी आधी गप्प होतो मग हसायलाच लागलो, म्हटलं हे प्रेम आहे की जिम्नॅस्टिक्सची प्रॅक्टिस! ज्यांच्या चित्रकादंबरीवरून हा सिनेमा निघाला त्या ज्युल मारोह यांनी तर तेव्हाच लिहिलं होतं की सेटवर काय कमी होतं तर लेस्बियन. त्यांनी असंही लिहिलंय की थिएटरात लोक हसत होते, आणि जे हसत नव्हते ते डोळे भरून बघणारे पुरुष. नट्यांनी नंतर सांगितलं की त्या एका सीनला दहा दिवस गेले. दहा दिवसांत सेटवरच्या कुणालाच वाटलं नाही का की कुणाला तरी विचारून बघावं?

आता लगेच म्हणाल की पुरुषांनी असे सिनेमे काढूच नयेत का. तसं नाही. गंमत म्हणजे मारोह यांच्या पुस्तकात नायिका मरते आणि केशिशने मात्र तिला जिवंत ठेवलंय, म्हणजे तिथे मार्क त्यालाच. आपल्याकडे तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहिलं तेव्हा हा विषय घरात कुणी काढतसुद्धा नव्हतं, त्यांनी मित्रा या नायिकेला माणूस म्हणून लिहिलं, पण शेवटी मारलंच. आणि 2004 चा ‘गर्लफ्रेंड’, त्यात तर लेस्बियन म्हणजे थेट खुनशी वेडी, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

पण 2022 चा ‘बधाई दो’ बघा, दिग्दर्शक हर्षवर्धन कुलकर्णी, म्हणजे पुरुषच. त्यातली सुमी आणि रिमझिम भेटतात कुठे तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सॅम्पल द्यायच्या निमित्ताने! मला ते इतकं पटलं ना, कारण खऱ्या आयुष्यात असंच कुठेतरी होतं. आमची ओळख बँकेच्या लायनीत झाली. अकरा वर्षं झाली आता. बेडरूम हा त्यातला किती छोटा भाग आहे हे कुठल्याही नवरा-बायकोला विचारा. बाकी सगळं गॅस बुकिंग, तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘पेशंटशी नातं’ या रकान्यात काय लिहायचं, आणि लग्नाला गेलं की “ही माझी मैत्रीण” म्हणताना तो अर्धा सेकंद अडकतो ना, तो. तो अर्धा सेकंद कुणी शूट केला तर दिग्दर्शक पुरुष आहे का बाई मी विचारणारसुद्धा नाही.

तुमच्या लेखकांनाही सांगा, पुढच्या वेळी असं परीक्षण लिहिताना आमच्यातल्या एखादीला फोन करा, आम्ही चहासुद्धा पाजू.

पत्र छापलंत तर नाव-पत्ता मात्र देऊ नका. घरमालकांना आम्ही मावसबहिणी म्हणून माहीत आहोत आणि ते तुमचाच पेपर घेतात.

– एक वाचक, डोंबिवली