त्यात कॉम्प्युटर नाही, टेप आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'ॲम्बियंट' संगीतावर, म्हणजे भोवतालात मिसळून राहणाऱ्या संगीतावर, एक चौकट आली आहे. इंग्लिश संगीतकार ब्रायन इनोच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या रेकॉर्डची तिनं एका ओळीत वासलात लावली: कॉम्प्युटरवर बनवलेलं, झोप आणणारं संगीत. चाळीसगावात माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. तुटलेल्या टेपा जोडण्यात हयात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

ही रेकॉर्ड १९७८ ची. तिच्यातला '२/१' हा तुकडा घ्या, जेमतेम नऊ मिनिटांचा. त्यात कानावर येतात ते माणसांचे गळे: तीन बायका आणि इनो स्वतः. शब्द नाहीत, ताल नाही, लांब धरलेला एकेक सूर. प्रत्येक सुराची टेप कापायची आणि टोकाला टोक चिकटवून तिचं कडं करायचं. (टेप सरळ कापली तर जोडावर 'टक्' वाजतं, म्हणून ती तिरकी कापतात. आमच्या धंद्यात पोराला पहिलं हेच शिकवायचे.) ही कडी पन्नास-सत्तर फुटांची, मशीनवर मावणार कुठून? म्हणून जर्मनीत कॉनी प्लांक या ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत ती ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या खुर्च्यांभोवती गुंडाळून फिरवली.

खरी गंमत लांबीत आहे: प्रत्येक कडं वेगळ्या लांबीचं, म्हणून त्यावरचा सूर वेगळ्या वेळानं परत येतो. इनोनं पुढे एका भाषणात आकडे सांगितले होते: एक सूर २३ १/२ सेकंदांनी परत येतो, दुसरा २५ ७/८ नी, तिसरा २९ १५/१६ नी. मी कागदावर हिशेब मांडला. हे तीनच सूर एकदा बरोबर सुरू झाले, तर पुन्हा नेमके तसेच एकत्र यायला जवळपास २७ दिवस लागतील! आणि कडी तर तीनाहून जास्त आहेत. म्हणजे सूर तेच, पण त्यांची गाठभेट दर वेळी वेगळी. कधी दोन अंगाला अंग लावून येतात, कधी बराच वेळ कोणीच येत नाही. ती रिकामी जागासुद्धा कोणी ठरवून ठेवलेली नाही. दुकानात लावलं की गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, कॅसेट अडकी गई का?" त्याचं अगदीच चूक नव्हतं.

आता झोपेबद्दल. इनोनं रेकॉर्डच्या वेष्टनावर लिहिलं होतं की हे संगीत लक्ष देऊन ऐकण्याजोगं हवं आणि दुर्लक्ष करण्याजोगंही. विमानतळावर घोषणा झाली तर ती ऐकू यावी, माणसांचं बोलणं अडू नये, म्हणून ते इतकं सावकाश आहे. शिवाय विमानात बसणाऱ्याच्या पोटात मरणाची भीती असते, हे त्यानं लपवलं नाही. दुकानांतून वाजणारं गुळगुळीत संगीत मनातली अशी शंका पुसून टाकतं, इनोला ती ठेवायची होती. रात्री आमच्या जंक्शनवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि सावकाश, तेच ते वाजलं की झोपेसाठीच, हा हिशेब कुठला? साक्रीकडे आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी, हे फुंकून वाजवायचं वाद्य, रात्र रात्र वाजते. तिला कोणी झोपेचं औषध म्हणून दाखवावं.

पुरवणीनं सुचवल्याप्रमाणे इअरफोन घालून, डोळे मिटून तर हे मुळीच ऐकू नये. साध्या स्पीकरवर, आवाज बारीक ठेवून, खिडकी उघडी टाकून ऐकावं. बाहेरची रिक्षा, कुकरची शिट्टी त्यात मिसळू द्यावी, ती त्याला चालते.

बाकी मतं ज्याची त्याला. पण पुढच्या अंकात निदान 'कॉम्प्युटर' हा शब्द तरी दुरुस्त करावा, ही विनंती.

आपला,
एक जुना रेकॉर्डिंगवाला,
चाळीसगाव, जि. जळगाव