अंधेरीची तिकीट खिडकी परत उघडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

११ एप्रिल २०२२ ला रात्री रियाधमध्ये आपल्या मुंबई सिटी फुटबॉल क्लबने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये भारतातल्या कुठल्याही क्लबने जिंकलेली ही पहिली मॅच. आधी एक गोल खाल्ला, मग मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि मग राहुल भेकेने हेडर मारून मॅच फिरवली, आपल्या मुंबईचाच मुलगा तो. आमच्या घरात मी आणि बाबा दोघंच जागे होतो, आई आतून ओरडली की शेजारी झोपलेत, आणि बाबा तरी सोफ्यावरून उठून उभे राहिले ते बराच वेळ बसलेच नाहीत. मग म्हणाले, "आता अंधेरीला कधी?" दोन वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी म्हटलं आज लिहूनच टाकू.

अंधेरीला, म्हणजे आपल्या क्लबच्या घरच्या स्टेडियममध्ये, आम्ही शेवटचे गेलो ते फेब्रुवारी २०२० मध्ये, चेन्नईच्या चेन्नईयन क्लबविरुद्ध. शेवटच्या काही मिनिटांत गोल खाऊन ०-१ ने हरलो आणि प्लेऑफची आशा संपली, बाहेर पडून आझाद नगर मेट्रोपर्यंत चालत जाताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की ही शेवटची मॅच ठरणार आहे. पुढच्याच महिन्यात १४ मार्चला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल गोव्यात फातोर्ड्याला कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाली, आणि मग सगळंच बंद.

त्यानंतर काय झालं ते तुमच्या क्रीडा पानावर आलंच आहे. २०२०-२१ चा अख्खा सीझन गोव्यात, बाहेरच्या कुणाशी संपर्क नाही अशा बबलमध्ये झाला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तीनच ग्राउंड आणि प्रेक्षक शून्य. आणि नेमका त्याच वर्षी आपला क्लब पहिल्यांदा चॅम्पियन झाला. २८ फेब्रुवारीला एटीके मोहन बागानला २-० हरवून लीगमध्ये पहिलं आल्याची शील्ड घेतली, १३ मार्चला त्यांनाच फायनलमध्ये २-१ हरवलं, बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला गोल केला. २०१६ पासून, क्लब अंधेरीला खेळायला लागला तेव्हापासून, ज्या माणसांनी त्या छोट्या स्टेडियममध्ये बसून घसा फोडला, त्यांच्यातल्या एकालाही हे डोळ्यांनी बघता आलं नाही. टीव्हीवर रेकॉर्ड केलेला गर्दीचा आवाज लावायचे, गोल जवळ आला की तो मोठा करायचे. बाबा म्हणायचे तो आवाज बंद कर, नुसता बुटांचा आणि कोचच्या ओरडण्याचा आवाज येऊ दे, तो तरी खरा आहे.

मग २०२२ मध्ये २० मार्चला फातोर्ड्याला फायनलसाठी पूर्ण क्षमतेने लोकांना आत सोडलं. हैदराबाद आणि केरळा ब्लास्टर्स, आपला क्लब नव्हता, पण स्टेडियम केरळाच्या रंगाने पिवळं झालेलं बघून अंगावर काटा आला. केरळातून लोक रात्रभर प्रवास करून आले होते. आणि तिथे मॅच बरोबरीत आणणारा हैदराबादचा साहिल तावोरा गोव्याचा, पेनल्टी शूटआउटमध्ये तीन अडवणारा त्यांचा गोलकीपर कट्टीमणी पण गोव्याचा. घरच्या ग्राउंडवर, भरलेल्या गॅलरीसमोर. त्या दिवशी टीव्हीचा आवाज बाबांनी स्वतः वाढवला.

आता २ एप्रिलला, गुढीपाडव्याला आपल्या राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले, मास्क पण ऐच्छिक झाला. आयपीएल २५ टक्के प्रेक्षकांवर सुरू झाली. म्हणजे पुढच्या सीझनला अंधेरीला मॅच येतील आणि लोकही येतील ही आशा धरायला हरकत नाही. आणि म्हणूनच आत्ता लिहितोय, कारण एकदा सीझन सुरू झाला की कोणी ऐकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणसं परत येताना तिकीट खिडकी पण परत आली पाहिजे.

कोरोनात जिथे जिथे माणसं परत आली तिथे सगळीकडे तिकीट मोबाईलवर गेलं. कारण सांगितलं होतं की हाताला हात लागायला नको, कागद नको, आणि उद्या कोणी पॉझिटिव्ह निघाला तर कोण कुठे बसला होता ते कळलं पाहिजे. त्यावेळी ते बरोबरच होतं, मी त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. इंग्लंडमध्ये सुद्धा तेच झालं. डिसेंबर २०२० मध्ये लिव्हरपूलच्या ग्राउंडवर वुल्व्हजविरुद्ध फक्त २,००० माणसं सोडली होती, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. पुढे मे महिन्यात १०,००० पर्यंत आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण. आणि लोक पूर्ण संख्येने परत आले तोपर्यंत तिथे वर्षानुवर्षं खिशात असलेलं सीझन तिकिटाचं प्लास्टिक कार्ड जाऊन फोन दरवाज्याला टेकवायची पद्धत आली होती. निर्बंध गेले पण ती पद्धत राहिली. माझी भीती नेमकी तीच आहे. रोग जाईल आणि त्याच्यासाठी घातलेलं कुंपण तसंच राहील.

आमच्यावर हे एकदा येऊन गेलंय. निर्बंध असतानाच एका मॅचला मी बाबांना घेऊन गेलो होतो, मैदान कुठलं आणि आयोजक कोण ते मुद्दाम लिहित नाही कारण मला कुणा एकाला दोष द्यायचा नाहीये. दोन्ही तिकिटं माझ्या फोनवर होती. गेटवरचा मुलगा म्हणाला प्रत्येकाने आपापल्या फोनवर दाखवायचं, एका फोनवर दोन चालणार नाहीत. बाबांकडे बटनांचा फोन. मी त्याला म्हटलं अरे, बाबांना आधी स्कॅन कर मग मला कर, तर त्याला वरून तसं सांगितलेलं नव्हतं, तोही बिचारा विशीतला पोरगा, घामाघूम झालेला. तेवढ्यात माझ्या फोनचं नेटवर्क गेलं, हजारो माणसं एकाच जागी फोन काढून उभी असल्यावर दुसरं काय होणार, स्क्रीनवरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं आणि क्यूआर कोड काही उघडेना. आम्हाला बाजूला उभं केलं. बाबांच्या शर्टाच्या खिशात दोन्ही डोसचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट होतं, आधार कार्ड होतं, म्हणजे सरकारने सांगितलेलं सगळं होतं. फक्त स्मार्टफोन नव्हता. आतून मोठा आरडाओरडा झाला, गोल झाला होता, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. साधारण पंचवीस मिनिटांनी एका सुपरवायझरने आत सोडलं. बाबा आत गेल्यावर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, पुढच्या वेळी तू एकटाच जा.

हा माणूस बेस्टमध्ये कंडक्टर होता. आयुष्यभर लोकांना तिकिटं दिली. हातात पंच घेऊन दिवसभर टिकटिक करायची सवय इतकी होती की रिटायर झाल्यावरही टीव्ही बघताना अंगठा आणि बोट हलायचं. कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ह्या जुन्या फुटबॉल स्पर्धेची मॅच असली की सकाळची ड्युटी संपवून तसेच खाकीत जायचे, बंगालचे मोठे क्लब यायचे तेव्हा, मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग. रांगेत उभं राहायचं, खिडकीतून पैसे सरकवायचे, तिकीट घ्यायचं. त्यातली बरीच अर्धी फाडलेली तिकिटं त्यांनी एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलीयत. गेल्या आठवड्यात तो डबा काढला होता. काही तिकिटांची शाई पूर्ण उडालीय, नुसता गुलाबी नाहीतर पिवळा कागद राहिलाय, तरी ते सांगतात की ही मॅच पावसात झाली, ह्याला तुझे काका होते बरोबर. सगळ्यात वर अंधेरीचं फेब्रुवारी २०२० चं तिकीट आहे. त्यानंतर डब्यात काही पडलं नाही.

आणि हा प्रश्न फक्त म्हाताऱ्या माणसांचा नाहीये. आमच्या जोगेश्वरीच्या वस्तीत संध्याकाळी मैदानावर जी पोरं खेळतात, तेरा-चौदा वर्षांची, त्यातल्या अर्ध्यांच्या घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडील कामावर घेऊन जातात. शाळा ऑनलाइन होती तेव्हा ह्याच पोरांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. त्यांच्याकडे कार्ड नाही, यूपीआय नाही, खिशात रोख पैसे असतात. पूर्वी चार जण मिळून चालत अंधेरीला जायची आणि खिडकीवर सगळ्यात स्वस्तातलं तिकीट घ्यायची. त्याच्यावर आता ऑनलाइनची कन्व्हिनियन्स फी पण लागते, सोय कुणाची आणि पैसे कुणी द्यायचे. ह्यातलाच एखादा उद्याचा भेके असेल, त्याने मॅच ग्राउंडवर बसून बघायलाच हवी.

कोणी म्हणेल की ब्लॅक थांबायला ऑनलाइन बरं. असेल, मी नाही म्हणत नाही, आणि माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्याला ऑफिसमधून तिकीट काढता येतं ही सोयच आहे. ती राहू दे. पण त्याच्या शेजारी एक खिडकी राहायला अडचण काय? अंधेरीचं स्टेडियम फार तर सहा-सात हजारांचं आहे. २०२१ मध्ये १५ ऑगस्टपासून दोन डोस घेतलेल्यांना लोकल उघडली तेव्हा आपल्या पालिकेने काय केलं ते आठवा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी स्टेशनांवर टेबलं टाकली, माणसं बसवली, सर्टिफिकेट आणि ओळखपत्र बघून शिक्का मारून दिला, तो कागद दाखवला की खिडकीवर पास. बाबांना मीच जोगेश्वरी स्टेशनला घेऊन गेलो होतो, थोडा वेळ लागला पण काम झालं. जी व्यवस्था लाखो माणसांच्या लोकलसाठी जमली ती सात हजारांच्या मॅचसाठी जमणार नाही हे मला पटत नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये १०,००० च्या वर गर्दी असेल तिथे कोविड पास सक्तीचा केला तेव्हाही ज्यांना फोनवर नको त्यांना तो कागदावर पोस्टाने घरी मागवता येत होता.

आणि कागदाची भीती म्हणाल तर तुमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईत पेपर घरी टाकणं बंद झालं होतं. लोक म्हणायचे कागदाला हात लावू नका, आम्ही तर भाजी पण सोड्याच्या पाण्यात धुवायचो. मग हळूहळू कळलं की धोका कुठे आहे आणि कुठे नाही, आणि पेपर परत दारात येऊन पडायला लागला. कोणी असं म्हटलं नाही की आता सगळ्यांनी मोबाईलवरच वाचा. तुमचा पेपर परत आला त्या सकाळी बाबांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता, जाहिरातींसकट.

म्हणून क्लबला, लीगच्या आयोजकांना आणि स्टेडियम ज्यांच्या ताब्यात आहे त्या पालिकेला तुमच्या पेपरमधून विनंती आहे. पुढच्या सीझनसाठी थोड्या तरी सीट ऑनलाइन न विकता खिडकीसाठी ठेवा, मॅचच्या आधी दोन दिवस आणि मॅचच्या दिवशी खिडकी उघडा, रोख पैसे घ्या, वर फी लावू नका. ज्याने ऑनलाइन काढलंय त्याची साध्या कागदावरची प्रिंट गेटवर चालू द्या, एका फोनवर चार जणांची तिकिटं असतील तर चौघांना सोडा. आणि गेटवरच्या पोरांना हे आधी नीट सांगून ठेवा, म्हणजे त्यांच्यावर पण वेळ येणार नाही. परत कधी लाट आली आणि निर्बंध लावावे लागले तर लावा, आम्ही सर्टिफिकेट घेऊन येऊ, मास्क लावू, एक सीट सोडून बसू, त्याला कोणाची ना नाही.

बाबा ७२ वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, पण मेट्रोला लिफ्ट आहे. मॅचचं वेळापत्रक आलं की अंधेरीतल्या पहिल्या मॅचला त्यांना घेऊन जायचं आहे, आणि ह्यावेळी रांगेत तेच उभे राहणार म्हणतायत, मी नुसतं बाजूला थांबायचं.

आपला,
एक वाचक, जोगेश्वरी (पूर्व), मुंबई