'घाबरू नका' हे उत्तर नव्हे

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या फलकावर पत्रक लागते : 'पाणी उकळून प्या. घाबरू नका. अफवांवर विश्वास ठेवू नका.' यातले पहिले वाक्य कामाचे. उरलेली दोन वाचली की मला जानेवारी २०२५ आठवतो.

तेव्हा पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण सापडू लागले. पुढे पुणे परिसरातल्या संशयितांचा आकडा दोनशेवर गेला. आधी पायाला मुंग्या, मग जिना चढवेना, काहींना थेट व्हेंटिलेटर. घरोघरी एकच प्रश्न : नळाचे पाणी प्यायचे की नाही? आमच्याकडे सभा झाली. आलेल्या साहेबांनी 'परिस्थिती नियंत्रणात आहे' हे चार वेळा सांगितले. सभा संपायच्या आत निम्म्या लोकांनी जारवाल्याला फोन लावला होता. (तो जार कुठे भरतात हे मात्र कोणी विचारले नाही. पुढे तपासणीत काही खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही दूषित निघाले.)

दोन दिवसांनी पाणी तपासायला एक मुलगा आला. काचेच्या नळीत आमच्या नळाचे पाणी घेऊन त्याने ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. झाले नाही. तो म्हणाला, "काकू, यात क्लोरीन नाहीये. कुठे कमी पडतंय ते अजून कळलेलं नाही. तोवर उकळूनच प्या. परवा परत येतो." आणि परवा तो खरंच आला. या वेळी पाणी पिवळे झाले, आणि नळी त्याने माझ्याच हातात दिली. अजूनही आमच्या मजल्यावर पाण्याची शंका आली की लोक त्या मुलाची आठवण काढतात, साहेबांची नाही.

चिकनचेही तेच झाले. एक म्हणे चिकननेच होतो, दुसरा म्हणे काही संबंध नाही. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. तो दूषित पाण्यातून येतो, तसा अर्धवट शिजलेल्या चिकनमधूनही येऊ शकतो. नीट शिजवले की मरतो. त्याची लागण झालेल्यांपैकी फार थोड्यांना जीबीएस होतो, आणि जीबीएस एकापासून दुसऱ्याला लागत नाही. एवढे कोणी त्या सभेत बोलले असते, तर शेजारच्या इमारतीतल्या रुग्णाच्या घरी डबा नेताना बायका बिचकल्या नसत्या. मीही बिचकले होते.

तेव्हा यंदाच्या पत्रकात 'घाबरू नका' ऐवजी एवढेच छापावे : या भागातले पाणी शेवटचे कधी तपासले, त्यात काय निघाले, पुढची तपासणी कोणत्या तारखेला. खाली फोन नंबर द्यायचाच असेल, तर तो उचलणारे माणूसही असावे.

— एक वाचक, धायरी, पुणे