भरतपूरची सायकल नांदूरमध्यमेश्वरला यावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आपल्या अंकात आमच्या निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचे फोटो येऊ लागतात आणि फोटोखाली ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे शब्द ठरलेले असतात. आम्हा निफाडकरांना ते वाचून बरे वाटते, खोटे कशाला बोलू! पण यंदा राजस्थानातल्या खऱ्या भरतपूरला जाऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत सायकल मारून आलो. पक्ष्यांच्या बाबतीत आपल्याला लाजायचे कारण नाही. ते बघायच्या रीतीत मात्र आपण पार मागे आहोत.

भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणजे तिथल्या लोकांचा ‘घना’. आग्रा-जयपूर महामार्गाला ते अगदी खेटून आहे. क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटर. 1981 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आणि 1985 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेली ही जागा आमच्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढी, पण लोक तिथे दोन-दोन दिवस राहतात. कारण सरळ आहे. पर्यटकाला आपली गाडी घेऊन पाण्याकडे जाता येत नाही. पुढे पायी जा, भाड्याची सायकल घ्या, नाहीतर रिक्षात बसा. पायडलवाल्या रिक्षा पूर्वीपासूनच्या, आता बॅटरीवाल्याही दिसतात. घाई करायची सोयच ठेवलेली नाही.

मी सायकल घेतली. काळी, जड, आपल्याकडे दूधवाले वापरायचे तसली. घंटी गेलेली होती, ते बरेच झाले. फाटकातून डांबरी रस्ता नाकासमोर केवलादेवाच्या मंदिरापर्यंत जातो, साधारण पाच किलोमीटर. सुरुवातीला दोन्ही बाजूंना कोरडे झुडपी रान, कदंब आणि बाभळी. वाटेतले शांतिकुटीर विश्रामगृह मागे पडले की हळूहळू पाणी सुरू होते आणि मग रस्ता म्हणजे दोन तळ्यांमधला बांधच. सकाळी धुके इतके होते की आधी आवाज आला आणि मग वास. बाभळींवर चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची, वसाहत होती. झाडे विष्ठेने पांढरीफेक, एकेका झाडावर दाटीवाटीने घरटी, आणि पिल्ले आईबापांपेक्षा मोठ्या तोंडाने ओरडत होती. एक मोठा पक्षी उतरला, मान खाली घातली आणि घशातला मासा घरट्यात ओकला. तीन पिल्ले त्यावर अशी तुटून पडली, की एक काठावरून पडता पडता वाचले. हे सगळे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. सायकल बांधाला टेकवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, एकही पक्षी हलला नाही.

मंदिराच्या पुढे डांबर संपते. तिथून दक्षिणेकडच्या गवताळ भागात मातीच्या वाटा जातात आणि बहुतेक पर्यटक त्या वाटेला लागतच नाहीत. खरा फेरा तो. नीलगाई, चितळ, उन्हाला आलेली कासवे, आणि उघड्या रानात सारसाची जोडी. सारस बघायला आपल्याला गोंदियाला जावे लागते, तिथेही ते मोजकेच उरलेत. त्या वाटांवर बाभळीच्या काट्यांनी टायरची चाळण होते एवढे मात्र जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. परतताना बांधाबांधाने यायचे. संध्याकाळपर्यंत पंचवीसेक किलोमीटर होतात आणि पेट्रोलचा थेंब लागत नाही.

पण सायकलीपेक्षाही मला तिथला रिक्षावाला महत्त्वाचा वाटला. घन्यातले रिक्षावाले उद्यानाचे परवानाधारक आहेत. त्यांत शीख बरेच आहेत. वर्षानुवर्षे देशोदेशीच्या पक्षीनिरीक्षकांना फिरवून ते स्वतःच तयार झाले. एका वयस्क सरदारजींची रिक्षा माझ्यापुढे चालली होती. त्यांनी ती ब्रेक न लावता पाय टेकवून थांबवली, मला हाताने ‘थांबा’ अशी खूण केली आणि हनुवटीने एका झुडपाखाली दाखवले. मला वाळलेल्या पाचोळ्याशिवाय काही दिसेना. “देखते रहिये, बाबूजी,” ते म्हणाले. मी बघत राहिलो, तेव्हा त्या पाचोळ्यातल्या एका पानाने किंचित डोळा उघडला. रातवा होता, रात्री उडणारा पक्षी, दिवसाची झोप काढत बसलेला. गाडीतून गेलो असतो तर जन्मात दिसला नसता.

भरतपूर म्हणजे सगळे आलबेल, असे मला म्हणायचे नाही. मंदिराजवळ राजेशाहीतल्या शिकारीचे आकडे दगडावर कोरून ठेवलेत. 1938 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पाहुणचारात एका दिवसात 4,273 पक्षी पाडले, त्याचा हिशेब तिथे वाचता येतो. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर 1982 मध्ये आत गुरे चारायला बंदी आली, तेव्हा गावकरी आणि पोलीस यांच्यात चकमक उडाली आणि माणसे मेली. पुढे आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) दहा वर्षांच्या अभ्यासातून दिसले, की म्हशी बंद झाल्याने पाण्यातले गवत माजले आणि पक्ष्यांना उलट जागा उरेनाशी झाली. गावाला बाहेर काढून पाणथळ राखता येत नाही, हे तिथे फार महागात कळले. सायबेरियन क्रौंच तर 2002 नंतर तिथे आलेच नाहीत. आणि पाणी! घना हा मुळात राजा सूरजमलच्या काळातल्या अजान बांधाच्या पाण्यावर जगणारा. वरच्या अंगाला गंभीर नदीवर पांचना धरण झाले आणि तळी कोरडी पडू लागली. पुढे लांबून नळाने पाणी आणायची वेळ आली.

हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांनी कालव्यांसाठी बांधला, पक्ष्यांसाठी नाही. गोदावरी आणि कादवाचा गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य झाले, 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून नाव लागले. फुगवट्यातली पातळी आजही कालव्याला पाण्याचे आवर्तन कधी सुटते यावर ठरते. पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, करणारा शेतकरी आणि हरभऱ्यात उतरणारे क्रौंच एकाच रानात असतात. म्हणजे भरतपूरने भिंत घालून जे केले, ते आपल्याला करता येणार नाही आणि करूही नये.

करता येईल ते एवढेच, की रविवारच्या गाड्या आवराव्यात. डिसेंबर-जानेवारीतल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नाशिक-संभाजीनगरकडून येणाऱ्या मोटारींची जी रांग लागते, ती पाण्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊ पाहते. हॉर्न, गाण्यांचा दणदणाट, उघड्या डिकीत मांडलेला नाश्ता. मग वारकरी पक्ष्यांचा थवा पाण्याच्या मधोमध जातो आणि लोक म्हणतात, फार लांब आहेत हो, काही दिसत नाही! मनोऱ्यावर दुर्बीण लावून उभे असलेले आपले स्थानिक गाइड चांगले जाणकार आहेत, पण त्यांचा निम्मा वेळ लोकांना गप्प बसवण्यात जातो.

वन विभागाला माझे सांगणे असे. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या बाजूंना गावाबाहेरच वाहनतळ करावा आणि हंगामात सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या मोटारी तिथून पुढे सोडू नयेत. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, उसाची बैलगाडी, दूधवाला, शाळेची गाडी यांना अर्थातच कुणी अडवू नये, रस्ता त्यांचाच आहे. वाहनतळापाशी भाड्याच्या सायकली असाव्यात आणि त्या गावातल्याच बचत गटाच्या किंवा तरुणांच्या मालकीच्या असाव्यात. बाहेरच्या ठेकेदाराला हे काम दिले की दुसऱ्या वर्षी गंजलेल्या सायकलींचा ढीग उरतो, हे आपण इतर ठिकाणी पाहिलेच आहे. ज्येष्ठांसाठी आणि चालता न येणाऱ्यांसाठी चार-दोन रिक्षा हव्यात, आणि त्या चालवणाऱ्यांनाच गाइडचे प्रशिक्षण मिळावे. भाडे आणि गाइडचे पैसे एकाच घरात गेले तर मांजरगावच्या पोराला हंगामापुरते तरी नाशिकला कंपनीत जायची गरज राहणार नाही.

यावर ‘आपले लोक सायकल चालवणार नाहीत’ असे म्हणणारे भेटतीलच. नाशिक जिल्ह्यात पहाटे हेल्मेट घालून शंभर-शंभर किलोमीटर सायकल हाणणारे थवेच्या थवे दिसतात. निफाडपासून बंधारा तर दहा-बारा किलोमीटरवर आहे, तोही सपाट, द्राक्षबागांमधून. सकाळी रेल्वेने निफाडला उतरून सायकलने अभयारण्याभोवतीच्या गावागावांतून फिरावे, दुपारी कुणाच्या तरी मळ्यात भाकरी-पिठले खावे आणि संध्याकाळी परत स्टेशन गाठावे, असा एक दिवसाचा फेरा आजही होऊ शकतो. त्यासाठी नवा रस्ता बांधायला नको, बांधूच नये. चार वळणांवर पाट्या हव्यात, गावात प्यायचे पाणी आणि स्वच्छतागृह हवे, आणि पंक्चर काढणारा एक माणूस.

यंदाचा हंगाम निम्मा संपत आलाच आहे. निदान एका बाजूला, चापडगावकडे, फेब्रुवारीतल्या रविवारी हा प्रयोग करून पाहावा, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरआधी काय जमते आणि काय फसते ते कळेल. ग्रामपंचायतींनी पुढाकार घेतला तर सुरुवातीला लागतील तेवढ्या सायकली आम्ही तालुक्यातले काही जण जमवून देऊ.

आपला,
एक वाचक, निफाड